साडेअकरा ग्रॅमचा रुपया

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली, पण अंगातला मास्तर काही निवृत्त व्हायला तयार नाही. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतला दूधवाला मला फाटकात उभं बघितलं की गाडीचा वेग वाढवतो, कारण माझ्याकडे लॅक्टोमीटर आहे. पनीरवर आयोडीनचा थेंब टाकल्याशिवाय मी ते कढईत जाऊ देत नाही. हळद पाण्यात कालवून ग्लास खिडकीत ठेवतो आणि तासाभराने तो बघायला घरातल्या सगळ्यांना हाका मारतो. कुणी येत नाही. बायको एकदा म्हणाली, "लग्नाआधी मलाही असंच तपासायचं होतं. नापास होऊन सुटले तरी असते."

या सवयीचा मला चांगलाच अभिमान होता. तो गेल्या जानेवारीत नातीच्या उष्टावणाच्या आदल्या दिवशी उतरला.

मुलीला सातवा महिना लागला की आमच्याकडे उष्टावण करतात. मामा बाळाला मांडीवर घेतो आणि खिरीत बुडवलेली रुपयाची कड बाळाच्या ओठाला लावतो. बाळाच्या तोंडात जाणारं पहिलं अन्न ते. रुपया चांदीचा हवा, आणि आमच्या घरात तो ठरलेला आहे. राणीछाप आहे. त्यावरची राणी झिजून झिजून इतकी सपाट झालीय की तिचं नाक चाचपूनच शोधावं लागतं. मी त्याच रुपयाने खीर चाटली, माझ्याआधी माझ्या मोठ्या बहिणीने चाटली, नंतर तिच्या मुलाने आणि माझ्या मुलाने. आता नातीची पाळी होती.

रुपया असतो माझ्या बहिणीकडे. आम्ही तिला आक्का म्हणतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला एका खेड्यात राहते. मेहुणे जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. हा रुपया तिच्याकडे कसा गेला ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वडील गेले त्या वर्षी आक्काने हक्कसोड करून दिली. म्हणजे वडिलांच्या जमिनीत मला काही नको, सगळी भावाची, असा कागद. आमच्याकडे ही गोष्ट इतकी सरळ धरलेली आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. बहिणीला बोलावून घ्यायचं, कचेरीत न्यायचं, सही झाली की साडीचोळी करायची आणि एसटीत बसवून द्यायचं. सह्या कुठं करायच्या तिथं मी आदल्या दिवशीच पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. तेवढा मी व्यवस्थित माणूस आहे. कामं झाल्यावर कचेरीसमोरच्या गाड्यावर आम्ही भजी खाल्ली. घरी आल्यावर आक्का आईला म्हणाली, "आये, मला त्यो रुपया दे." आईने देव्हाऱ्यातून काढून दिला. पाटाखालची तीन एकर माझी झाली आणि रुपया तिचा. पुढे त्यातला अर्धा तुकडा विकून मी विश्रामबागेतलं हे घर बांधलं.

तर आक्का आली. दुपारच्या एसटीने, एका हातात स्ट्रॉबेरीची पेटी आणि दुसऱ्या हातात पिशवी. पाणी प्यायली, नातीला मांडीवर घेतलं, आणि कमरेची कापडी पिशवी सोडून त्यातून एक फडकं काढलं. फडक्याची गाठ सोडली तर आत दुसरं फडकं. त्याच्या आत रुपया. तिने तो पदराने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे रं बाबा. उद्या लागंल."

त्या महिन्यात मी मोबाईलवर खोट्या नाण्यांचे व्हिडिओ बघत होतो. एक बघितला की मोबाईल पुढचा आपणहून लावतो, त्याला काय. बाजारात म्हणे जुनी म्हणून विकली जाणारी निम्मी नाणी खोटी असतात. आत शिसं, वरून चांदीचं पाणी. आणि उद्या हे नाणं माझ्या नातीच्या तोंडात जाणार! शिशाने मेंदूवर परिणाम होतो हे मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. मी म्हणालो, "आक्का, जरा बघून घेतो. लहान बाळाचा प्रश्न आहे."

"बघ की," आक्का म्हणाली. तिला वाटलं मी डोळ्यांनी बघणार आहे.

पहिली चाचणी चुंबकाची. घरात चुंबक एकच, फ्रीजच्या दारावरचा, लालभडक स्ट्रॉबेरीच्या आकाराचा. भाच्याने महाबळेश्वरहून आणून दिलेला. तो रुपयाला चिकटला नाही. मी म्हणालो, "शिसंही चिकटत नाही. यावरून काही सिद्ध होत नाही." दुसरी बर्फाची. चांदीवर बर्फ झपाट्याने वितळतो. रुपयावर ठेवलेला खडा बघता बघता पाणी झाला. मी म्हणालो, "वरून चांदीचं पाणी असलं, आत तांबं असलं, तरी वितळेल." एव्हाना बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "म्हणजे पास व्हायची सोयच ठेवली नाही म्हणा की."

तिसरी आवाजाची. खरा रुपया फरशीवर टाकला की खणखणतो. मी टाकला. बद्द असा आवाज आला आणि रुपया सोफ्याखाली गेला. तो काढायला मी पोटावर झोपलो, चष्मा तिथंच राहिला, तो शोधायला परत झोपलो. धुळीने माखलेला रुपया घेऊन उठलो तेव्हा मला जो आनंद झाला होता त्याची आज शरम वाटते. काहीतरी सापडलं होतं! पुन्हा टाकला. पुन्हा बद्द.

आक्का नातीला थोपटत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "आरं, त्येला आसं आपटू नगंस."

चौथी चाचणी वजनाची. सून घरी पाव आणि केक करते, यीस्ट मोजायला तिच्याकडे एक चिमुकला काटा आहे. त्यावर रुपया ठेवला. काट्याने दाखवलं, साडेअकरा ग्रॅम.

आता हे लक्षात घ्या. आई नेहमी म्हणायची, रुपया म्हणजे तोळाभर चांदी. आणि तोळा म्हणजे दहा ग्रॅम हे सांगलीच्या सराफपेठेत कुठल्याही दुकानात पाटीवर लिहिलेलं आहे. मग वरचे दीड ग्रॅम कसले? शिसं चांदीपेक्षा जड असतं. मी काट्यावरचा आकडा सगळ्यांना दाखवला, चष्मा सारखा केला, आणि निकाल जाहीर केला. "आक्का, रुपया खोटा आहे. आत शिसं आहे."

बायको म्हणाली, "आवो, तुमच्या मुलालाही ह्याच रुपयानं चाटवलं होतं."

"म्हणूनच त्याला बारावीला गणितात बेचाळीस पडले."

"आणि तुम्हालापण."

यावर सून जे हसली, ते मी अजून विसरलेलो नाही.

मी मात्र थांबलो नाही. कपाटातून मी आधीच आणून ठेवलेलं नवं नाणं काढलं. लक्ष्मीचं चित्र, प्लॅस्टिकच्या डबीत, सोबत शुद्धतेचं कार्ड. म्हणालो, "हे वापरू. प्रमाणपत्र आहे याला." आधीच आणून ठेवलेलं, म्हणजे निकाल काय लागणार हे मी चाचणीच्या आधीच ठरवून बसलो होतो. असा विद्यार्थी माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

आक्काने हात पुढे केला. मी रुपया तिच्या हातावर ठेवला. तिने तो आतल्या फडक्यात बांधला, मग बाहेरच्या, मग कमरेच्या पिशवीत घातला. "चालंल की," ती म्हणाली. "पोरीला चांगलं व्हायाशी मतलब." मग थोड्या वेळाने बायकोला म्हणाली, "वैनी, मी आपली सकाळच्या पैल्या गाडीनं जाते. गावात कामं हाईत."

बायको म्हणाली, "आवं वन्सं, उष्टावण दहाला आहे!"

"व्हय. पर कामं लय हाईत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. तो निकाल मला लगेच कळला, त्याला काट्याची गरज नव्हती. आक्काने चहा घेतला नाही. आतल्या खोलीत जाऊन तिने पिशवी भरायला घेतली. उद्यासाठी आणलेली नवी साडी तिने पिशवीत सगळ्यात खाली घातली, हे मी दारातून बघितलं.

संध्याकाळी शेजारचे शेठ आले. त्यांना गल्लीत सगळे शेठच म्हणतात. खानापूर तालुक्यातले. त्या भागातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत. गलाई म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवून त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढायचं. शेठनी तीस वर्षं उत्तरेतल्या एका शहराच्या सराफबाजारात हेच केलं, आणि आता इथं घर बांधून रोज संध्याकाळी माझ्याकडे चहा पितात. मी त्यांना दुपारची सगळी कथा सांगितली. चुंबक, बर्फ, आवाज, काटा. त्यांनी कप खाली ठेवला.

"किती भरला म्हनला?"

"साडेअकरा ग्रॅम. तोळ्यापेक्षा दीड ग्रॅम जास्त."

शेठ म्हणाले, "गुर्जी, तुमी दहा ग्रॅमचा तोळा कुटनं आनला?"

"सराफाकडे..."

"त्यो आताचा. सोयीचा. जुना तोळा व्हता पावनेबारा ग्रॅमला थोडा कमी. का, तर रुपयाचं वजन तेवढं. रुपयालाच तोळा धरत. काट्यावर वजन म्हनून रुपयाच टाकत सोनार लोक. तुमी रुपयाला तोळ्यात बसवाय निगाला, तोळाच रुपयातनं निगालाय."

ते पुढे म्हणाले, "झिजून साडेअकरा ऱ्हायला आसंल. बरोबर हाय. दहा भरला असता तर मी म्हनलो असतो, गडबड है."

आणखी एक गोष्ट मी त्या वेळी कबूल केली नाही, ती इथं करतो. त्या रात्री जेवण झाल्यावर मी कागदावर गणित मांडलं. चांदीची घनता साडेदहा, शिशाची सव्वाअकरापेक्षा थोडी जास्त. दहा ग्रॅमचा रुपया अख्खा शिशाचा ओतला असता तरी अकरा ग्रॅमही भरला नसता. साडेअकरा कुठल्याच हिशोबाने येत नव्हते. घनतेचा धडा मी आठवीला छत्तीस वेळा शिकवला होता.

शेठ म्हणाले, "दावा बघू रुपया."

रुपया माझ्याकडे नव्हता. मी आतल्या खोलीच्या दारात गेलो. "आक्का, जरा रुपया दे. शेठना दाखवायचाय." आक्का उठली, माझ्या बाजूने बाहेर आली, आणि फडकं सरळ शेठच्या पुढे धरलं. माझ्या हातात दिलं नाही. मला ते लागलं.

शेठनी काही आणलं नव्हतं, ना काटा ना कसोटी. त्यांनी रुपया तळहातावर दोनदा उडवला, कडेवरून अंगठा फिरवला, मग अंगठा एका जागी थांबला. उजेडाकडे धरून बघितलं. "मावशी, ह्येला कडी व्हती का कवा?"

"व्हती की."

"हितं डाक दिऊन कडी जोडली व्हती. मग काडलीय. डाक लावला की आवाज बसतोय रुपयाचा. बद्द वाजतोय. चांदी चोख हाय, जुन्या रुपयात आसती तशी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी पूरी खात्री पायजे आसंल तर भट्टीत घालू, गुर्जी. आमच्या धंद्यात त्येच येक शंभर टक्के. फक्त मग रुपया न्हाई ऱ्हात."

मी विचारलं, "कडी कसली होती, आक्का?"

"तुजीच," ती म्हणाली. "वरसाचा व्हतास. डांग्या खोकला झाला तुला. जगतोय का न्हाई आसं झालं. कुनीतरी सांगितलं, चांदी गळ्यात बांदा. आयेनं सोनाराकडनं कडी लावून घेतली. दोन वरसं तुज्या गळ्यात व्हता. मीच तुला काखंला घिऊन फिरायची, त्यो रुपया माज्या दंडाला घासायचा."

म्हणजे वजनात घोळ माझ्या डोक्याने केला होता आणि आवाजात घोळ माझ्या गळ्याने. रुपयाचा दोष एवढाच की तो माझ्या घरात आला.

शेठ उठून गेले. मी आक्काच्या शेजारी बसलो. वर्गात मी पोरांना माफी मागायला लावायचो, स्वतः मागायची सवय नाही. कसंबसं म्हणालो, "आक्का, चुकलं माझं."

"आरं, तपासलास त्येचं काय न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. "तपासावं मानसानं. मीच कवा तपासलं न्हाई. कचेरीत तू फुली मारलेली तितं मी सही केली. मला वाचाय येतंय रं, सातवी पास हाय मी. पर तू व्हतास म्हनून वाचला न्हाई कागूद."

मी फरशीकडे बघत राहिलो. हीच फरशी, दुपारी जिच्यावर मी रुपया दोन वेळा आपटला होता, त्या जमिनीच्या पैशांची होती. इतकी वर्षं मी दूध तपासलं, मध तपासला, हळद तपासली. माझ्या बहिणीला तिच्या वाटणीबद्दल काय वाटतं, हे मला कधी तपासावंसं वाटलं नव्हतं. मला खरोखर लाज वाटली. ती मी बोलून दाखवली असती तर बरं झालं असतं, पण मी म्हणालो, "सकाळच्या गाडीनं जाऊ नको." मग बायको आली आणि तिने सरळ आक्काची पिशवी उघडून नवी साडी बाहेर काढली.

सकाळी दहाला उष्टावण झालं. आक्काने नवी साडी नेसली होती. सुनेच्या भावाने बाळाला मांडीवर घेतलं. रुपया मी स्वतः गरम पाण्याने धुतला. आणखी उकळू का, असं विचारणार होतो, बायकोने डोळे मोठे केले म्हणून गप्प बसलो. खीर ओठाला लागल्यावर नातीने तोंड वेडंवाकडं केलं, खीर थुंकली आणि रुपया मुठीत धरला. कुणालाही तो सोडवता येईना. शेवटी आक्काने तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या तेव्हा मूठ उघडली. प्रमाणपत्रवालं नाणं कपाटात डबीतच राहिलं. ते अजून तिथंच आहे.

दुपारी मी आक्काला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा धरून ती बसली, आणि कमरेची पिशवी सोडून ते फडकं काढून खिडकीतून माझ्या हातात दिलं.

"हे कशाला? तुझा आहे."

"आता तिचा. पोरगी हाय ती." मग खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाली, "तिच्याकडनं कवा सही घ्यायची वेळ आली, तर आदी कागूद वाचून दाव तिला. सगळा. मग मार फुली."

गाडी निघाली. मी हो म्हणालो की नाही, आठवत नाही. घरी येऊन मी कपाटातला हक्कसोडीचा कागद काढला. मी तो लिहून घेतला होता, जपून ठेवला होता, पण आजवर एकदाही शेवटपर्यंत वाचला नव्हता. त्यात आक्काच्या तोंडी लिहिलं होतं की हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. ते खरं होतं की नव्हतं, हे मी तिला त्या वेळी विचारलं नव्हतं.

उरलेली दीड एकर अजून माझ्याच नावावर आहे. त्याचं काय करायचं हे ठरवलंय असं लिहून शाबासकी घ्यायचा मोह मला झाला, पण अजून ठरवलेलं नाही. तलाठ्याला नुसता फोन करायलाच आठवडा गेला. रुपया मी देव्हाऱ्यात ठेवला आहे. काल सहज उचलला, तळहातावर दोनदा उडवून बघितला, शेठनी उडवला होता तसा. साडेअकरा ग्रॅमपेक्षा जास्त वाटला. काटा आणला नाही.